नाणेफेकीचा कौल

दैवाच्या हाती सोपविलेला निर्णय न्याय्य केव्हा ठरतो आणि अन्याय्य केव्हा ठरतो, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. माणसाने केलेल्या निवाड्यात पक्षपात असू शकतो, लोभ असू शकतो, भय असू शकते. नाण्याला यांपैकी काहीच नसते. मग नाण्याने दिलेला निकाल सर्वांत निष्कलंक का म्हणू नये? या प्रश्नाकडे आमचे लक्ष वेधले ते एखाद्या ग्रंथामुळे नव्हे, तर मुलींच्या फुटबॉलच्या एका सामन्यामुळे. देवस्थानांशी ज्यांचा जिव्हाळा आहे अशा वाचकांपुढे फुटबॉलची गोष्ट काढावी हे कोणास विचित्र वाटेल. परंतु ही गोष्ट फिरून देवळाच्या सभामंडपातच यावयाची आहे, एवढे आश्वासन आम्ही आरंभीच देऊन ठेवितो.

सामना असा. २०२४ च्या फेब्रुवारीत बांगलादेशाची राजधानी ढाका येथे दक्षिण आशियातील एकोणीस वर्षांखालील मुलींची अजिंक्यपद स्पर्धा झाली. भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान असे चार देश तीत उतरले होते. ८ फेब्रुवारी रोजी कमलापूरच्या मैदानावर भारत आणि यजमान बांगलादेश यांची अंतिम गाठ पडली. आठव्या मिनिटाला शिबानी देवीने गोल करून भारताला पुढे नेले आणि ती आघाडी जवळजवळ अखेरपर्यंत टिकली. नियत वेळ संपून वाया गेलेल्या वेळेची भरपाई चालू असता बांगलादेशच्या सागरिकाने बरोबरी साधली. मग पेनल्टीची पाळी आली. पाच-पाच फेऱ्या झाल्या, बरोबरी सुटली नाही. पुढे एकेक करीत दोन्ही संघांच्या अकराही मुलींनी, गोलरक्षक मुलींनीसुद्धा, चेंडू जाळ्यात घातला. अकरा विरुद्ध अकरा! बावीस मुलींपैकी एकीचाही नेम चुकला नाही.

येथवर खेळ होता. पुढे जे घडले तो वाद. सामनाधिकाऱ्याच्या निर्णयावरून दोन्ही कर्णधारांना बोलावून नाणे उडविण्यात आले. ते भारताच्या बाजूने पडले आणि आपल्या मुलींनी जल्लोष केला. बांगलादेशच्या मुली मात्र मैदान सोडीनात. नाणेफेक नियमात नाही, पेनल्टी पुढे चालू ठेवा, असे त्यांचे म्हणणे होते. प्रेक्षकांतून बाटल्या भिरकावल्या गेल्या. अखेर नाणेफेकीचा निर्णय मागे घेण्यात आला. परंतु तोवर भारतीय संघ मैदानातून निघून गेला होता. पुष्कळ खल झाल्यावर दोन्ही देशांना संयुक्त विजेते घोषित केले गेले, आणि भारताने ते मान्य केले.

डिचोली तालुक्यातील आमच्या सुर्ल्यात ही वार्ता पोचली त्या दिवशी सायंकाळची आरती आटोपून काही मंडळी सभामंडपात बसली होती. गावातील पोरांना फुटबॉलचे वेड जुनेच आहे. शेते कापून झाली, की मळ्यांत दोन-दोन काठ्या रोवून गोल उभे राहतात. त्यामुळे चर्चा रंगावयास वेळ लागला नाही. आमच्याजवळ बसलेले एक वयोवृद्ध गृहस्थ आमच्याकडे वळून म्हणाले, "वकीलबाब, देवान दिल्लें परतें कित्याक दिवचें?" देवाने जे दिले ते परत का द्यावे? सर्वांनी माना डोलाविल्या. आम्ही त्या वेळी काही बोललो नाही. का बोललो नाही, ते पुढे येईल. आधी त्या गृहस्थांच्या प्रश्नाला उत्तर दिले पाहिजे.

ते नाणे देवाने उडविले होते काय? आमच्या देवळांत कौल लावण्याची रीत आहे. मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवितात आणि कोणत्या बाजूची पाकळी आधी खाली येते यावरून होकार किंवा नकार जाणतात. शहरी सुशिक्षितांस ही रीत भोळी वाटते. आम्हास तीत एक बारीक न्यायविचार दिसतो. कौल मागण्यापूर्वी गाऱ्हाणे घालतात. प्रश्न काय आहे, तो कोणाचा आहे, उजव्या पाकळीचा अर्थ काय आणि डावीचा काय, हे सारे पाकळी सुटण्यापूर्वी, सर्वांच्या समक्ष, मोठ्या आवाजात सांगितले जाते. पाकळी पडल्यानंतर अर्थ ठरविला, तर तो कौल नव्हे. शिवाय जे काम आपल्या हाताने, आपल्या बुद्धीने होण्यासारखे आहे, त्यासाठी शहाणा माणूस देवाला कौल मागत नाही. नांगर कोठे धरावा हे विचारण्यास कोणी गाभाऱ्यापाशी जात नाही. म्हणजे दैवाकडे जाण्याला दोन अटी झाल्या. पद्धत आधी ठरलेली असावी, ही पहिली. आणि माणसाचे सामर्थ्य संपलेले असावे, ही दुसरी.

आधुनिक कायद्यानेही याच दोन अटी मानल्या आहेत. लोकप्रतिनिधित्वाच्या १९५१ च्या अधिनियमात पासष्टावे कलम आहे. दोन उमेदवारांस समान मते पडली, तर चिठ्ठी टाकून निर्णय करावा आणि जिच्यावर चिठ्ठी पडेल त्या व्यक्तीस एक मत अधिक मिळाले असे समजावे, असे ते सांगते. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत एका प्रभागात मते समसमान पडली आणि नगरसेवक चिठ्ठीने ठरला. लक्षावधी रुपयांच्या कारभारात हात घालणारे पद एका चिठ्ठीवर जावे, हे विलक्षण खरे. परंतु त्यात अन्याय नाही. मतदारांनी आपले काम पुरे केले होते, मते मोजून झाली होती, आणि बरोबरी झाल्यास काय करावयाचे हे उमेदवार अर्ज भरण्यापूर्वीच लिहून ठेवलेले होते.

फुटबॉलमध्येही नाण्याला एके काळी असाच मान होता. १९६८ साली युरोपीय अजिंक्यपदाच्या उपांत्य सामन्यात नेपल्स येथे इटली आणि सोव्हिएत संघ जादा वेळेनंतरही गोलशून्य बरोबरीत राहिले. त्या काळच्या नियमाप्रमाणे नाणे उडविले गेले, इटली अंतिम सामन्यात गेली आणि पुढे विजेतीही झाली. रशियन खेळाडूंचे दुर्दैव म्हणून लोक हळहळले असतील. पण त्यांच्यावर अन्याय झाला असे म्हणता येत नाही. तथापि इतक्या मोठ्या श्रमाचा निकाल एका नाण्यावर लागावा, हे खेळाच्या जाणत्यांस डाचत होतेच. १९७० मध्ये पेनल्टीची पद्धत नियमात आली आणि नाण्याचे राज्य संपले. आज नियम असा आहे, की साऱ्या पात्र खेळाडूंच्या पेनल्टी होऊनही बरोबरी राहिली, तर त्याच खेळाडूंनी पुन्हा पहिल्यापासून पेनल्टी मारावयाच्या. क्रम हवा तर बदलावा, परंतु थांबावयाचे नाही. नेपल्सचे नाणे आणि ढाक्याचे नाणे धातूने वेगळे नव्हते. एकामागे नियम होता, दुसऱ्यामागे नव्हता. तेवीसावी पेनल्टी मारावयास मुलगी उभी होती, चेंडू होता, गोल होता. माणसाचे सामर्थ्य संपले नव्हते. पाहणाऱ्यांचा धीर तेवढा संपला होता.

या विचाराला बळकटी देणारा एक सामना आमच्या गोव्यातच होऊन गेला आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा भारतात झाली; भुवनेश्वर, नवी मुंबई आणि मडगावजवळचे फातोर्डा येथे तिचे सामने झाले. आपल्या मुलींच्या वाट्यास त्या स्पर्धेत कटू अनुभव आला. भुवनेश्वर येथे अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ असे तिन्ही सामने त्या हरल्या. दोन्ही उपांत्य सामने मात्र २६ ऑक्टोबरला फातोर्ड्यास झाले. पहिल्यात कोलंबिया आणि नायजेरिया यांची गोलशून्य बरोबरी झाली आणि पेनल्टीत कोलंबियाने ६-५ अशी सरशी केली. एका पेनल्टीने नायजेरियाचा अंतिम सामना हुकला. दुःख तेथेही होते. परंतु तक्रारीला जागा नव्हती. हरलेल्या मुलीला आपण का हरलो हे सांगता येत होते. निकाल न्याय्य असल्याची आमच्या मते हीच खूण आहे. जिंकणाऱ्याला तो पटतो यात नवल नाही. हरणाऱ्याला तो समजावून सांगता आला पाहिजे.

आता ढाक्याच्या बाबतीत दुसरी बाजूही ऐकली पाहिजे, नाहीतर आमच्या वकिलीला बट्टा लागेल. पहिला आक्षेप असा, की बांगलादेशची कर्णधार नाणेफेकीला हजर होती. नाणे तिच्या बाजूने पडते, तर तिने तक्रार केली असती काय? बहुधा नसती. डाव मांडू द्यावयाचा आणि हरल्यावर पट उधळावयाचा, हे सभ्यतेला धरून नाही. हा आक्षेप वजनदार आहे. तथापि कायद्यात एक जुने तत्त्व आहे: ज्या न्यायासनास एखाद्या वादाचा अधिकारच नाही, त्याला तो अधिकार पक्षकारांच्या संमतीने प्राप्त होत नाही. अधिकाऱ्यास नाणे उडविण्याचा अधिकार नव्हता. मग मुलीच्या हजेरीने तो निर्माण कसा होणार? त्यातून ती मुलगी एकोणीस वर्षांखालील. दीड-दोन तासांच्या श्रमाने थकलेल्या मुलीस अधिकारी बोलावतो, ती जाते. त्या जाण्यास विचारपूर्वक दिलेली संमती म्हणणे म्हणजे शब्दाची विटंबना करणे होय.

दुसरा आक्षेप असा, की निर्णय फिरला तो नियमामुळे नव्हे, तर प्रेक्षकांच्या बाटल्यांमुळे. आणि दंगा करून मिळविलेला न्याय हा न्याय नव्हे. याचे उत्तर अधिक काळजीने दिले पाहिजे. बाटल्या फेकणारे दोषी होते, यात संशय नाही. परंतु गोंगाट करणाऱ्याच्या तोंडून आला एवढ्याने खरा मुद्दा खोटा होत नाही, तसाच तो खराही होत नाही. मैदानात एकही बाटली पडली नसती, तरी ती नाणेफेक नियमबाह्यच ठरली असती. आक्षेप घेणाऱ्याचे वर्तन निराळे तोलावे आणि आक्षेप निराळा तोलावा. देवस्थानांच्या वादांत आम्ही हे पुष्कळदा पाहिले आहे. पालखीला पहिला खांदा कोणाचा, मानाचा नारळ आधी कोणाच्या हाती, यावरून भांडणारा माणूस उर्मट असतो म्हणून त्याचा हक्क नाकारला जातो, आणि गोड बोलणारा म्हणून दुसऱ्याचा मानला जातो. पुढे त्याच अन्यायाची तेढ तीन-तीन पिढ्या चालते.

तिसरा आक्षेप आमचाच आहे. संयुक्त विजेतेपद तरी नियमात कोठे होते? नव्हतेच. नियमाचा न्याय म्हणजे पुन्हा पेनल्टी. जे झाले तो निवाडा नव्हता, ती तडजोड होती. तडजोडीला आम्ही कमी लेखीत नाही. न्यायालयाच्या पायऱ्यांवर मिटलेले दावे आत चाललेल्या दाव्यांपेक्षा पुष्कळदा अधिक सुख देतात. मात्र तडजोडीतही कोणी काय सोडले, हे पाहावे लागते. बांगलादेशने पुन्हा झुंजण्याचा हक्क सोडला. भारताने हातात आलेला संपूर्ण विजय सोडला. जो हरतो त्याने न्याय मागणे स्वाभाविक आहे. त्याला धैर्य लागते, पण त्याग लागत नाही. जो जिंकला आहे त्याने "हे जिंकणे नियमाला धरून नव्हते" असे मानून अर्धे परत देणे, हे अवघड. एखाद्या संघटनेने कोणत्या हेतूने मान्यता दिली याची चिकित्सा आम्ही करीत नाही. त्या मान्यतेचे जे रूप जगापुढे आले, ते धर्माला धरून होते, एवढेच आमचे म्हणणे.

येथे महाभारतातील द्यूतसभेची आठवण होणे अपरिहार्य आहे. फासे तेथेही पडले होते आणि निकाल लागला होता. द्रौपदीने सभेला जो प्रश्न विचारला, तो दयेची याचना नव्हती; तो कायद्याचा प्रश्न होता. स्वतःला आधी हरून बसलेल्या पुरुषास मला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता काय? फासे कसे पडले हे ती विचारीत नव्हती. फासे टाकण्याचा अधिकार होता का, हे विचारीत होती. धर्म जाणणारे भीष्म तेथे बसले होते. धर्माची गती सूक्ष्म आहे, असे म्हणून त्यांनी उत्तर टाळले. बोलला तो विकर्ण, जिंकणाऱ्या पक्षातला, दुर्योधनाचाच धाकटा भाऊ. त्या सभेत ज्ञानाची वाण नव्हती. ज्यांना ठाऊक होते ते गप्प बसले, हा तिचा खरा दोष.

आणि आता आम्ही सभामंडपात गप्प का बसलो, ते सांगितले पाहिजे.

ढाक्याच्या सामन्याआधी काही वर्षे आमच्या परिसरातील एका मंडळाने शालेय मुलींची फुटबॉल स्पर्धा भरविली होती. नियमांचा कागद तयार करण्यासाठी मंडळींनी आम्हास बोलाविले. कायद्याचा पदवीधर म्हणून आमचा तेवढा उपयोग. बरोबरी झाल्यास निकाल लागेपर्यंत पेनल्टी, असे आम्हीच त्यात लिहिले होते. अंतिम सामना आमच्या गावच्या मुली आणि शेजारच्या गावच्या मुली यांच्यात झाला. बरोबरी झाली. पेनल्टीच्या आठ-आठ फेऱ्या झाल्या, तरी बरोबरी हटेना. दिवस कलू लागला. त्यानंतर मोठ्या मुलांचा अंतिम सामना व्हावयाचा होता, प्रमुख पाहुणे खुर्चीवर खोळंबले होते. कोणीतरी म्हणाले, मुलींचा सामना किती वेळ चालवावा? एकाने खिशातून रुपया काढला. नाणे आमच्या गावच्या बाजूने पडले. टाळ्या झाल्या, ढाल मिळाली, फोटो निघाला.

मैदानातून बाहेर पडताना दुसऱ्या संघातली एक मुलगी आमच्यापुढे येऊन उभी राहिली. खाणींकडच्या तांबड्या धुळीने तिचे पाय गुडघ्यांपर्यंत माखले होते. नियमांचा कागद आम्ही लिहिला आहे, हे तिला कोणी सांगितले होते कोण जाणे. तिने शांतपणे विचारले, "काका, हें नेमांत आसा?" तो कागद त्या क्षणी आमच्या सदऱ्याच्या खिशात होता. आम्ही म्हणालो, "जालें तें जालें, बाय." ती एक क्षण उभी राहिली आणि निघून गेली.

भीष्मांच्या उत्तरात निदान पांडित्य होते. आमच्या उत्तरात तेही नव्हते. आमचा गाव जिंकला होता, पाहुणे खोळंबले होते, आणि एका मुलीच्या प्रश्नासाठी समारंभाचा बेरंग करावा असे आम्हास वाटले नाही. मुलांचा सामना असता, तर तो रुपया खिशातून निघाला असता काय, हेही आम्ही स्वतःस विचारून पाहिले आहे. निघाला नसता. मुलांसाठी दिवे लावले असते. म्हणजे ते नाणे उडविताना दैवावर आमची श्रद्धा नव्हती. मुलींच्या श्रमाला किंमत नव्हती. देवाचे नाव आम्ही मागाहून घेतले. आपल्या घाईला, आपल्या आळसाला आणि आपल्या लाभाला देवाची इच्छा म्हणणे, हा देवाचाही अपमान आहे. आणि देवळाच्या छायेत वाढलेल्या माणसांनी तरी तो करू नये.

ती ढाल अजून आमच्या गावात भिंतीवर आहे. तिच्यावर एकाच गावाचे नाव आहे. ढाक्याची वार्ता आल्यानंतर काही दिवसांनी आम्ही त्या मंडळाच्या चालकांस सुचविले, की तिच्यावर दुसऱ्या गावाचेही नाव कोरावे. काहींना ते पटले. काहींनी विचारले, इतक्या वर्षांनी हे उकरून कोणाचे भले होणार? त्या मुली आता मोठ्या झाल्या. कोणी शिकावयास गेल्या असतील, कोणाची लग्नेही झाली असतील. प्रश्न रास्त आहे. ढालीवर दोन अक्षरे कोरल्याने त्यांची ती संध्याकाळ परत येणार नाही. परंतु गावातील आजच्या मुली रोज ती ढाल पाहतात, आणि जिंकणे म्हणजे काय हे तीवरून शिकतात. अन्यायाने मिळालेली वस्तू नुसती भिंतीवर टांगलेली राहत नाही. ती पाहणाऱ्यांस शिकवीत राहते.

मंडळाच्या पुढच्या सभेत हा विषय पुन्हा निघणार आहे. या वेळी आम्ही त्या वृद्ध गृहस्थांशेजारी बसून मान डोलावणार नाही. देवाने दिलेले परत देऊ नये, हे आम्हासही मान्य आहे. मात्र देवाने काय दिले आणि आपण काय घेतले, याचा हिशेब आधी व्हावा. ढाक्यात एकोणीस वर्षांखालील मुलींनी विजयाचा अर्धा वाटा दुसऱ्यास दिला आणि त्यामुळे त्यांचे काही उणे झाले नाही. मग चाळिशी ओलांडलेल्या माणसांस लाकडाच्या एका ढालीची इतकी भीती का वाटावी?

सभेचा निर्णय काय व्हावयाचा तो होवो. आमच्याकडून एका प्रश्नाचे उत्तर मात्र राहून गेले आहे, आणि ती मुलगी कोठे भेटेल हे ठाऊक नसल्यामुळे ते येथेच लिहून ठेवितो. ना बाय, हें नेमांत नाशिल्लें.